रॅकवर १४२, बिलात १५५: माल परत करू नका, फरक मागा

परभणीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांनी सुपरमार्केटमधून महिन्याचा किराणा भरला, बिल झालं ३,४६० रुपये. घरी येऊन बिल वाचलं तर तेलाच्या एक लिटरच्या पाऊचला रॅकवर १४२ रुपयांची पट्टी होती आणि बिलात १५५ लागले होते. पाऊच दोन. डिटर्जंटच्या एक किलोच्या पुड्यावर 'एकावर एक मोफत' असा बोर्ड होता, पण दोन्ही पुड्यांचे ११८ प्रमाणे पैसे लागले. दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या तर काउंटरवरच्या मुलाने बिलाखालची 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ दाखवली. फारच वाद झाला तेव्हा १०० रुपयांची क्रेडिट नोट, म्हणजे त्याच दुकानात पुढच्या खरेदीला वापरायची चिठ्ठी, हातात दिली. ताईंचं म्हणणं: 'भाव हेडऑफिसमधून बदलतात, आमच्या हातात काही नाही, असं ते म्हणतात. हे खरं आहे का? आणि दुकानाची रिटर्न पॉलिसीच अशी असेल तर कायदा काय करणार?'

मी लातूरच्या एका सुपरमार्केटमध्ये चौदा वर्षं होतो. आधी कॅशियर, मग बिलिंग सुपरवायझर, शेवटी स्टोअर मॅनेजर. आता औशाला माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. म्हणजे काउंटरच्या आत उभं राहून 'नाही' म्हणायचं काम मीही केलेलं आहे.

ताई, तुमचा प्रश्न रिटर्न पॉलिसीचा नाहीच. तुम्हाला तेल परत करायचं नाही, डिटर्जंटही नको झालेलं नाही. तुमच्याकडून १४४ रुपये जास्त घेतले गेले, तेवढे परत हवेत. पण तुम्ही काउंटरवर गेलात आणि पहिलं वाक्य बहुतेक 'हे परत घ्या' असं निघालं असेल. त्या एका शब्दाने तुम्ही स्वतःहून त्यांच्या पॉलिसीच्या दारात उभ्या राहिलात. काउंटरवरच्या पोराला 'परत' हा शब्द ऐकला की काय बोलायचं ते शिकवलेलं असतं. 'भावात फरक आहे' हे ऐकलं की त्याला सुपरवायझरला बोलवावं लागतं, कारण लागलेला भाव दुरुस्त करायचा पासवर्ड त्याच्याकडे नसतो. निदान आमच्याकडे तरी असंच होतं, आणि बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने असंच चालतं.

आता भाव चुकतो कसा ते सांगतो, कारण ते कळलं की कुठे बोट ठेवायचं ते कळतं. हेडऑफिसचं म्हणणं अर्धं खरं आहे. साखळी दुकानांमध्ये भाव मुख्य कार्यालयातून कॉम्प्युटरवर येतो, बहुतेक रात्री. सकाळी दुकान उघडायच्या आधी स्टाफने बदललेल्या भावाच्या नव्या पट्ट्या छापून रॅकवर लावायच्या असतात. महिन्याच्या १ तारखेला दोन-अडीचशे पट्ट्या बदलायच्या, पोरं चार, त्यातला एक सुट्टीवर, आणि साडेनऊला शटर वर. तीस-चाळीस पट्ट्या राहूनच जातात. काउंटरवरचं मशीन मात्र नवाच भाव उचलतं. म्हणजे भाव वरून बदलला हे खरं. पण जुनी पट्टी रॅकवर ठेवली ती याच दुकानाने. तुमची तक्रार त्या पट्टीबद्दल आहे.

योजनेचं तसंच. 'एकावर एक' ही गोष्ट मशीनला बोर्ड वाचून कळत नाही. त्या योजनेला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि कोणकोणते कोड तिच्यात आहेत ती यादी असते. योजना रविवारी रात्री संपते, बोर्ड बुधवारपर्यंत लटकत राहतो. किंवा योजना निळ्या पुड्यावर असते आणि शेजारच्या गुलाबी पुड्यावर नसते. बोर्ड दोघांच्या मधोमध.

आणि एक खास आपल्याकडची गंमत. एकाच वस्तूचा बारकोड तोच राहतो, पण कंपनी एमआरपी बदलते, त्यामुळे दुकानात जुन्या आणि नव्या छापील किमतीचा माल एकत्र असतो. असा पुडा स्कॅन केला की कॅशियरच्या पडद्यावर छोटी खिडकी उघडते: १०५, ११०, ११८. त्याने हातातला पुडा उलटा करून छापील किंमत वाचायची आणि ती ओळ निवडायची. मागे पंधरा ट्रॉल्या असताना कोणी पुडा उलटा करत नाही. एंटर दाबलं की पहिली ओळ जाते. पहिली ओळ नव्या एमआरपीची असेल तर जुन्या पुड्याला नवा भाव लागला. माझ्या पाहण्यात छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लागण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, लबाडी क्वचितच. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा तर जुन्या छापील किमतीचा, नव्या स्टिकरचा आणि नव्या छपाईचा असा तीन तऱ्हेचा माल माझ्या स्वतःच्या दुकानात एका फळीवर होता. मी पडद्यावरची खिडकी बंद करून हाताने भाव टाकत होतो. खाद्यतेलावर आधीपासूनच ५ टक्के होता, तेव्हा तुमच्या तेलाच्या पाऊचला ते कारण कोणी सांगितलं तर मान्य करू नका.

आता कायद्याचं. इथे मला थोडं हात राखून बोलावं लागेल, कारण सगळे भाव कायद्याच्या नजरेत सारखे नाहीत.

छापील किंमत, म्हणजे एमआरपी, ही दगडावरची रेघ. ती सगळे कर धरून असते. पॅकबंद वस्तू त्याहून एक रुपयाही जास्त लावून विकता येत नाही. वैधमापनशास्त्र कायदा, म्हणजे वजनमापांचा कायदा, २००९ चा, पॅकबंद वस्तूंचे नियम २०११ चे, आणि त्यात किरकोळ विक्रेत्यावर ही बंदी थेट आहे. छापील किंमत खोडणं, पुसणं, बदलणं हेही चालत नाही. असं झालं असेल तर दुकानाकडे बोलायला काही उरत नाही. जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयात पुडा आणि बिल घेऊन गेलात तर दुकानावर कारवाई होऊ शकते. पण ताई, तुमच्या तेलावर एमआरपी १७० आहे असं तुम्हीच लिहिलंय. बिलात १५५ लागले. म्हणजे ही रेघ ओलांडलेली नाही. 'एमआरपीपेक्षा कमीच घेतलेत ना' हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल, मीही ते ऐकवलेलं आहे.

रॅकवरच्या पट्टीचा भाव जरा मऊ जमिनीवर उभा असतो. दुकानाचा वकील म्हणेल की मांडलेला माल आणि त्यावरचा भाव हे फक्त आमंत्रण. सौदा काउंटरवर होतो, आणि तुम्ही १५५ भरलेत म्हणजे मान्य केलेत. करार कायद्याच्या अंगाने हा मुद्दा पोकळ नाही. मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये भावाबद्दल लोकांची दिशाभूल करणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. दोघांत ठरलेल्या भावापेक्षा जास्त घेणं हेही तक्रारीचं कारण आहे. १४२ ची पट्टी लावून १५५ घेणं यात बसतं, आणि 'एकावर एक'चा बोर्ड लावून दोन्हीचे पैसे घेणं तर त्याहून ठसठशीत बसतं. म्हणून तुमच्या दोन तक्रारींपैकी डिटर्जंटची जास्त भक्कम आहे. तिथूनच सुरुवात करा. माणसं तेरा रुपयांवरून भांडायला लागतात आणि ११८ चा मुद्दा मागे पडतो.

ती 'विकलेला माल परत नाही' ओळ? सदोष मालापुढे ती टिकत नाही. २०१९ च्या कायद्यानुसार सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे न देणं हीच अनुचित प्रथा आहे. बिल न देणं हीही. पण हे कलम दोषाबद्दल आहे, भावाबद्दल नाही. काउंटरवर ते म्हणून दाखवू नका. समोरचा मॅनेजर जाणकार असेल तर तो तुम्हाला तिथेच अडकवेल. रंग आवडला नाही, जास्तीचं आणलं, घरी आधीच होतं, अशा कारणांसाठी मात्र दुकानाची पॉलिसीच चालते, आणि खाण्याच्या वस्तूत ती बहुतेक 'नाही' अशीच असते. त्यात दुकानाचं काही चुकतं असं मला वाटत नाही. बाहेर गेलेला पनीरचा पुडा फ्रीजमध्ये होता की गाडीच्या डिक्कीत, मला काय माहीत?

परत जाण्याआधी घरी दोन गोष्टी तपासा, कारण ग्राहकाची चूकही तितकीच सर्रास असते. पहिली, पाऊचचं वजन. हल्ली तेलाचे पाऊच ९१० ग्रॅम, म्हणजे एक लिटर, आणि त्याहून कमी ग्रॅमचे असे शेजारी शेजारी असतात, दिसायला जुळे भाऊ. १४२ ची पट्टी छोट्या पाऊचची असेल तर तुमचा दावा गेला. पट्टीवर बारीक अक्षरात वस्तूचं नाव, वजन आणि कोड असतो; कोपऱ्यात बहुधा छापल्याची तारीखही. दुसरी, योजनेची अट. अमुक रकमेच्या खरेदीवर, कार्ड असलेल्यांनाच, एका बिलावर एकदाच, असं काही खाली लिहिलेलं होतं का? ते अक्षर वाचता येणार नाही इतकं बारीक होतं, हाही एक मुद्दाच आहे, पण तो वेगळा.

पुराव्याबद्दल. पट्टीचा फोटो असेल तर काम दहा मिनिटांचं. तुमच्याकडे नाही, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी वाद घातलात म्हणजे पट्टी एव्हाना बदलली असणार. तरी हरकत नाही. कॉम्प्युटरवर प्रत्येक कोडचा भाव कधी बदलला याची नोंद असते, योजनेच्या तारखाही असतात. मॅनेजरला शांतपणे म्हणा, 'या तेलाचा भाव कोणत्या तारखेला १४२ वरून १५५ झाला तेवढं दाखवा.' तुमच्या बिलाच्या आदल्या रात्री किंवा त्याच आठवड्यात बदललेला निघाला, तर जुनी पट्टी राहिली होती हे त्यालाही कळतं. बिल थर्मल कागदावर असतं, हळूहळू पुसट होत जातं, तेव्हा त्याचा फोटो आजच काढून ठेवा.

एक प्रसंग सांगतो. मी तेव्हा सुपरवायझर होतो. रेणापूरकडचे एक म्हातारे गृहस्थ, धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी, दुपारी काउंटरसमोर येऊन नुसतेच उभे राहिले. पिशवीतून तुरीच्या डाळीची पिशवी काढली, तीन किलो, वर काट्याचं स्टिकर.

'बाळा, ही डाळ कोणती?'

मी पाहून म्हटलं, 'मामा, साधी तूर.'

'मग ह्या चिठ्ठीवर फटका काहून लिवलंय?'

फटका म्हणजे तुरीचीच, पण महागड्या प्रतीची डाळ. लातुरात डाळीत कोणी कोणाला फसवू शकत नाही, घरोघरी कोणी ना कोणी दालमिलला जाऊन आलेलं असतं. सुट्या मालाचं असं असतं की काट्यावर बसलेला मुलगा वस्तूचा नंबर दाबतो, काटा वजन करून चिकटचिठ्ठी छापतो. त्या चिठ्ठीच्या बारकोडची सुरुवात २ ने होते, आत वस्तूचा नंबर आणि वजन असतं. काउंटरवर फक्त ती चिठ्ठी स्कॅन होते, पिशवीत काय आहे ते कोणी बघत नाही. मुलाने साध्या डाळीच्या जागी शेजारचा फटक्याचा नंबर दाबला होता. किलोमागे ८ रुपये, तीन किलोचे २४. मी मात्र तेव्हा काय केलं? म्हटलं, 'मामा, काल नेलेली डाळ आहे, पिशवी बदलली असेल कुणी.' ते चिडले नाहीत. पिशवी काउंटरवर ठेवली, बोटाने चिठ्ठी चिकटवलेली कड दाखवली. चिठ्ठी पिशवीच्या गाठीवरून चिकटवलेली होती, न फाडता पिशवी उघडणं शक्यच नव्हतं. मागे रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते. मी २४ रुपये दिले, आणि संध्याकाळी त्या नंबरवर दिवसभरात किती बिलं झाली ते काढलं. एकतीस होती. बाकी तीस माणसं आलीच नाहीत.

ते एकतीस मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर भावाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी रॅकपाशी नेत असे, काउंटरवर बोलत नसे. तुमचा मॅनेजर नेत नसेल तर तुम्हीच म्हणा, चला, जागेवर जाऊन बघू.

आता प्रत्यक्ष जायचं कसं. पगाराच्या आठवड्यातली संध्याकाळ आणि रविवार टाळा. मधल्या वारी दुपारी तीनच्या सुमारास जा. त्या वेळी मॅनेजर जागेवर असतो आणि रांग नसते. पुडे आणि पाऊच सोबत न्या. डिटर्जंटचा एक पुडा फोडला असेल तरी बिचकू नका, तुम्ही तो परत देत नाही आहात. वाक्य एवढंच: 'मला माल परत करायचा नाही. योजनेचे ११८ आणि तेलाचे २६, एकूण १४४ रुपये जास्त लागलेत, ते ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत द्या.' तुम्ही यूपीआयने भरले असतील तर त्याच खात्यावर परत येऊ शकतात, कार्डाला काही दिवस लागतात, रोख दिले असतील तर सुपरवायझरच्या सहीने गल्ल्यातून निघतात. दुकानाने स्वतःच्या चुकीसाठी क्रेडिट नोट देणं म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला पुन्हा तिथेच खर्च करायला लावणं. मी मॅनेजर असताना आम्हाला वरून सांगितलेलं असायचं की शक्यतो नोटच द्या. जो रोख मागेल त्याला रोख द्यायचो, आणि शंभरातले फार तर दहा मागायचे.

नाही म्हणाले तर? तिथेच उभं राहून आवाज चढवू नका. कोणी, कोणत्या कारणाने नाही म्हटलं ते एका ओळीत बिलाच्या मागे लिहून द्या म्हणा. बहुतेक वेळा लिहायची पाळी आली की पैसे निघतात. तरी नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मोठ्या साखळीचं दुकान असेल तर तिथून तक्रार थेट कंपनीकडे जाते आणि स्थानिक मॅनेजरला खुलासा द्यावा लागतो. त्याला १४४ रुपयांपेक्षा तो खुलासा जड जातो. गावातलंच एकटं सुपरमार्केट असेल तर हेल्पलाइनचा धाक तितका चालत नाही, तिथे जिल्ह्यातल्या ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते जास्त कामी येतात.

शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीतच, तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही. पण १४४ रुपयांसाठी तारखा कराव्यात का? माझं मत विचाराल तर एकट्या तुमच्या बिलासाठी नाही. तोच बोर्ड महिनाभर तसाच लटकत असेल, आणि शेजारच्या चार घरांतही तेच झालं असेल, तर हो. मग सगळ्यांची बिलं एकत्र करा. माझ्या त्या तीस माणसांसारखं व्हायला नको.

पुढच्या वेळेसाठी एकच सवय लावा. ज्या दोन-तीन वस्तू भाव किंवा योजना बघून घेतल्यात त्यांच्या पट्टीचा फोटो काढा आणि काउंटरवर त्या वस्तू सगळ्यात आधी ठेवा. मशीनवर भाव उमटताना नजर तिथे ठेवा. पैसे भरायच्या आधी 'ही ओळ काढा' म्हणणं हा पूर्ण तुमचा हक्क आहे, आणि ओळ काढायला सुपरवायझरला पाच सेकंद लागतात. मागची रांग कुरकुरेल, कुरकुरू द्या. आणि बिल देण्यासाठी मोबाईल नंबर मागून अडवलं तर नंबर देणं बंधनकारक नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच तशी सूचना दुकानदारांच्या संघटनांना दिलेली आहे.

राहिली ती १०० रुपयांची क्रेडिट नोट. ती अजिबात वापरू नका. वापरलीत तर 'तडजोड झाली' असं दुकान म्हणेल आणि ४४ रुपयांचा वाद उरेल. १४४ हातात पडले की मग नोट परत द्या, पण त्यांच्यासमोर तिच्यावर 'रद्द' लिहून, आणि तिचाही एक फोटो काढून.